चोपड्याच्या शिंगराचा विमा

गोव्यातल्या पेडण्यात गुरांची डॉक्टर म्हणून रुजू झाल्यापासून मी गाईम्हशींच्या विम्याचे भरपूर दाखले दिले होते. दूध किती, वेत कितवं, एवढं कळलं की किंमत ठरवता येते. त्यामुळे जवळच्या चोपडे गावातल्या एका गृहस्थांनी घोडीच्या शिंगराचा विमा उतरवायचा म्हणून फोन केला, तेव्हा मी जरा गडबडले. शिंगरू दूधही देत नाही आणि कामही करत नाही.

हे गृहस्थ पूर्वी डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्यावर ट्रक विकून त्यांनी वरातींसाठी पांढरी घोडी घेतली. तिचं हे दीड वर्षाचं शिंगरू, अंगाने तांबूस, कपाळावर चांदणी. मी पोचले तेव्हा त्यांची बायको त्याला कलिंगडाच्या साली भरवत होती.

बाजारभाव कळावा म्हणून मी हरमलच्या एका घोडेवाल्यालाही बोलावलं होतं. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायला त्याच्याकडे घोडे होते. तो येईपर्यंत मी शिंगराचे दात, खूर, सांधे, छाती तपासली. सगळं ठणठणीत होतं. मग मालकांना त्यांचा अंदाज विचारला.

"बाय, ट्रकाचा मोल माका सांगूक येय," ते म्हणाले. "ट्रक दर वर्साक उतरता, ह्या तर वाढता. आणि विकूचा नाय, तर मोल कशाक काढूचा?"

कंपनीला मायेची किंमत नको असते, असं दुसरं शिंगरू आज घ्यायला किती पडेल तेवढंच हवं असतं, हे मी समजावलं. त्यांना ते पटलं. बायकोला मात्र भीती होती की किंमत ठरली म्हणजे गिऱ्हाईक दारात येणार.

घोडेवाला स्कूटरवरून आला. शिंगराच्या अंगावरचे केसांचे भोवरे त्याने बोट फिरवून पाहिले, कारण शुभ-अशुभ भोवऱ्यांवरून भाव वरखाली होतो. मग त्याने अगदीच बेताची किंमत सांगितली. मालकांचा चेहरा उतरला.

चाल बघायची राहिली होती. आम्ही शिंगराला नदीकाठच्या बांधावर नेलं. तेवढ्यात पलीकडच्या रस्त्यावर दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलचा भोंगा वाजला. शिंगराने मान झटकली, दोरी मालकांच्या हातातून सुटली आणि ते शेपूट उंच करून असं सुसाट सुटलं की आम्ही चौघं बघतच राहिलो. पाऊल कुठे अडखळलं नाही, बांधावरचा ओहोळ एका उडीत पार. आम्ही धापा टाकत पोचलो तेव्हा त्याचं तोंड पोदेराच्या टोपलीत होतं आणि पोदेर हसत सायकल सावरत होता.

घोडेवाल्याने कपाळ पुसलं. मघाशी सांगितलेली किंमत विसरा म्हणाला, आणि जवळजवळ दुप्पट आकडा बोलला. वर म्हणाला, "पैसे आता देतो. शिंगरू आज नेतो."

मालक बायकोकडे पाहायला लागले. ती शिंगराच्या मानेवर हात टाकून म्हणाली, "आमी विकूचा नाय. पण डॉक्टरबाई, तुमी हो आकडो लिवन काढा."

मी दाखल्यावर तोच आकडा लिहिला. रोख पैसे घेऊन समोर उभं असलेलं जाणतं गिऱ्हाईक, बाजारभावाचा याहून चांगला पुरावा मला कुठे मिळाला असता? घोडेवाल्याने घोडीचं पुढचं शिंगरू तरी आपल्याला द्या, असा हट्ट धरला. आधी जन्मूक दी, असं सांगून मालकांच्या बायकोने त्याला चहाला बसवलं. सोबत पोदेराचे उरलेले पाव होते.

आठवड्याभराने कंपनीतल्या साहेबांचा फोन आला. दाखल्यातला दुधाचा रकाना कोरा का आणि किंमत एवढी कशी, असं त्यांनी विचारलं. मी बांधावरची धाव आणि गिऱ्हाईकाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ हसले आणि विमा मंजूर केला.