साळुंके काकांच्या फळ्यावर दोन लॅटिन शब्द

तुमचा चहा आधी संपवून घ्या. हे ऐकल्यावर तुम्ही मला पुन्हा घरी बोलवाल याची खात्री नाही. हृदयाच्या ऑपरेशनला निघालेल्या माणसाला मी सोसायटीच्या फाटकातून परत फिरवलं. दोन शब्दांत. तेही लॅटिनमध्ये.

मुळात मला लॅटिन येत नाही, हे आधीच सांगते. मी इंग्रजीत एम.ए. करतेय आणि आम्हाला एका पेपरला प्रसिद्ध लॅटिन वचनं आणि त्यांचे अर्थ आहेत. चाळीस वचनं. मी त्यांची कार्डं केली होती; पुढे लॅटिन, मागे मराठी. परीक्षा सोमवारी, म्हणून गुरुवारपासून मला जेवण जात नव्हतं. माझं असंच असतं. कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकते, आणि कुकर मीच लावलेला असतो.

आमची सोसायटी नाशिक रोडला. फाटकाशी एक काळा फळा आहे. फळा सोसायटीचा, पण खडू पहिल्या मजल्यावरच्या साळुंके काकांच्या खिशात. काकांनी आयुष्यभर एका छापखान्यात प्रुफं तपासली. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही, म्हणून ते रोज सकाळी फळ्यावर 'आजचा सुविचार' लिहायला लागले. अकरा वर्षं, एक दिवस खाडा नाही. बरं, लिहून सोडून देत नाहीत, पाळतात! 'मोजके बोला' लिहिलं त्या दिवशी भाजीत मीठ कमी आहे हे त्यांनी काकींना खुणांनी सांगितलं. काकी म्हणतात, तसा दिवस पुन्हा आला नाही.

तर या काकांची अँजिओप्लास्टी ठरली. म्हणजे चौथ्यांदा ठरली. पहिल्यांदा पितृपक्ष आडवा आला, दुसऱ्यांदा अमावास्या, आणि तिसऱ्यांदा काकांना ऐन वेळी एकदम बरं वाटायला लागलं. डॉक्टरांनी काकींना बाजूला घेऊन सांगितलं, आता पुढे ढकलू नका. काकींनी देवापुढे नारळ ठेवला आणि शनिवारची सकाळ पक्की केली.

शुक्रवारी संध्याकाळी काका आमच्या दारात. हातात खडू.

"मुग्धा, उद्यापासून फळा तुझ्याकडे."

"माझ्याकडे? काका, माझं अक्षर..."

"बघितलंय मी. वेलांट्या चुकतेस, पण वळण बरं आहे. आणि तू ते लॅटिन शिकतेस ना? अकरा वर्षांत फळ्यावर मराठी झालं, संस्कृत झालं, एकदा सटाण्याच्या पाहुण्यांसाठी अहिराणीसुद्धा झालं. लॅटिन राहिलंय. उद्या निघताना वाचून जाईन. चांगलं लिही हं बाळ. शुभ."

शुभ! आता तुम्हीच चाळीस लॅटिन वचनांत शुभ शोधून बघा. जी भाषा बोलणारं कुणी उरलं नाही, ती आजाऱ्याला काय धीर देणार? एक कार्ड थडग्यावरचं. चार युद्धाची. एक 'पोस्ट मॉर्टेम', ते मी उलटं करून उशीखाली ठेवलं. सगळ्यांत भयंकर होतं 'मेमेंतो मोरी'. अर्थ: मरायचं आहे, हे लक्षात ठेवा. हे लिहायचं नाही, हे लिहायचं नाही, असं मी स्वतःला इतक्यांदा बजावलं की आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय गं, कोण मेलं?"

शेवटी सापडलं. 'क्वो वादिस?' रक्त नाही, थडगं नाही, दोन सुटसुटीत शब्द. अर्थ: कुठे चाललास? आमच्या मॅडम म्हणाल्या होत्या, हा माणसाने स्वतःला विचारायचा प्रश्न आहे, आयुष्याची दिशा तपासण्यासाठी. किती सुंदर! सकाळी सहाला मी खाली जाऊन ठसठशीत अक्षरात लिहिलं. काका मोठे, म्हणून 'चाललास'चं 'चाललात' केलं.

आजचा सुविचार
क्वो वादिस?
कुठे चाललात?

हो, तुमच्या लक्षात आलं. माझ्या आलं नाही. मी वेलांट्या तपासत होते.

साडेसातला काका-काकी खाली उतरले. काकांच्या तळहाताला अजून दही-साखर लागलेली. काकींनी बंदोबस्त केवढा केला होता! रिक्षावाल्या रफिकभाईंना आदल्या दिवशीच पत्ता आणि ताकीद: "बसल्यावर 'कुठे' म्हणून विचारायचं नाही हं, भाऊ. निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारलं की काम होत नाही." सोसायटीतही घरोघरी निरोप गेला होता. अगदीच राहवलं नाही तर 'लांब निघालात?' एवढंच विचारावं. त्यामुळे सगळी सोसायटी तोंड मिटून गॅलरीत उभी होती. आमच्याकडेही निरोप आला होता. आई सांगायला आली तेव्हा मी "अभ्यास करतेय" म्हणून दार लावून घेतलं होतं.

तसं मला हे लहानपणापासून माहीत आहे. पण ते मराठीत. लॅटिनलाही लागू असेल असं डोक्यात आलं नाही.

काका फळ्यासमोर थांबले. चष्मा पुसला. शब्दावर बोट ठेवत, प्रूफ वाचतात तसं वाचलं.

"कुठे चाललात," ते मोठ्याने म्हणाले. मग वळले, वॉचमनच्या खुर्चीत बसले आणि चपला काढल्या. "झालं. फळ्यानेच हटकलं. पुढच्या महिन्यात बघू."

"अहो, पोरीने लिहिलंय ते!" काकी म्हणाल्या.

"फळ्यावर आलं म्हणजे आलं."

"मुग्धे!"

मी दचकले. फळ्याशेजारीच उभी होते, हातातलं डस्टर पायावर पडलं.

"पूस ते आधी! हे पाणी पितील, पाच मिनिटं बसतील आणि नव्याने निघतील. तोवर दुसरं लिही. शुभ लिही गं, बाई!"

मी पुसलं. खडू टेकवला. कार्डं वर घरात राहिलेली. चाळीसपैकी एकोणचाळीस वचनं डोक्यातून पळून गेली होती. एक मात्र जागेवर होतं, कारण काल संध्याकाळपासून मी तेच न आठवण्याचा सराव केला होता. हाताने ते लिहून टाकलं. मी नुसती बघत होते.

"मेमेंतो मोरी," काकांनी पाण्याच्या घोटाबरोबर वाचलं. "वा! ऐकायला गोड आहे. म्हणजे काय गं?"

"म्हणजे... लक्षात ठेवा."

"काय लक्षात ठेवा?"

"असंच. एकूण."

"अगं, एकूण काय? नीट सांग."

मला खोटं बोलता येत नाही. बोलायला गेले की उचकी लागते.

"की... हिक्... मरायचंय."

रफिकभाईंनी रिक्षा बंद केली.

"वाईट अर्थाने नाही, काका! रोममध्ये सेनापती जिंकून आला ना, की मिरवणुकीत एक नोकर त्याच्या मागे उभा राहून कानात हे सांगायचा म्हणे. गर्व होऊ नये म्हणून!"

"जिंकून आल्यावर?"

"हो!"

"अगं, मी तर अजून गेलोसुद्धा नाही!"

यावर मॅडमनी काही सांगितलं नव्हतं.

काकी हॉस्पिटलच्या पिशवीवरच बसल्या. पदराने डोळे टिपले. ते बघून माझी उचकी थांबली. आज काका गेले नाहीत तर पाचवी तारीख ते येऊच देणार नाहीत, हे काकींना माहीत होतं, आता मलाही कळलं होतं. आणि मधे आडवी आले होते मी.

तेवढ्यात काका उठले. चपला घातल्या. फळ्याजवळ येऊन माझ्या हातातला खडू घेतला, 'मेमेंतो'वरचा सुटलेला अनुस्वार दिला. एकदा फळ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, पुन्हा फळ्याकडे.

"चल," ते काकींना म्हणाले.

काकींच्या तोंडून निघून गेलं, "कुठे?"

गॅलऱ्यांतून एकदम 'अगंबाई!' झालं.

"हॉस्पिटलला!" काका कडाडले. "आणि तिथून परत इथे! मी नसलो तर हा फळा हिच्याकडे जाईल. कायमचा! रफिक, काढ रिक्षा!"

अँजिओप्लास्टी व्यवस्थित झाली. डॉक्टर म्हणाले, पेशंटची घरी परतायची जिद्द विलक्षण आहे. काकींनी कारण सांगितलं नाही.

मी रविवारपासून फक्त 'शुभ सकाळ' लिहिलं, तेही काकींना फोनवर वाचून दाखवून. सोमवारी परीक्षेत 'क्वो वादिस'चा अर्थ विचारला होता. मी लिहिलं, 'लांब निघालात?' तो मार्क गेला. जाऊ दे.

मंगळवारी काका घरी आले. संध्याकाळी त्यांचा फोन.

"मुग्धा, 'चूक माझी' याला लॅटिनमध्ये काय म्हणतात गं?"

"'मेआ कुल्पा', काका." केवढं मोठं मन! चूक माझी, आणि काका स्वतःवर घेत होते. "पण काका, तुमची काहीच चूक नव्हती हो."

"होती, बाळ," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

बुधवारी सकाळी काकींचा हात धरून काका खाली उतरले. मी पाया पडायला धावत गेले, तर त्यांचं लिहून झालं होतं. अक्षर थोडं थरथरलेलं, वेलांट्या एकूण एक बरोबर.

आजचा सुविचार
मेआ कुल्पा
चूक माझी. खडू मीच दिला होता.