शूफेनचं न छापलेलं प्रकरण

शूफेन थिएटरात पडद्याकडे पाठ करून बसायची. पहिल्या रांगेचं तिकीट काढायचं, खुर्चीत उलटं वळायचं आणि सिनेमाभर लोकांची तोंडं बघायची. एकदा मागच्या रांगेतले एक काका खेकसले, "ओ मॅडम, सिनेमा तिकडे आहे ना!" ही शांतपणे म्हणाली, "काका, मी तुमालेच पाहून राहिली. तुम्ही बहुत मस्त रडता." मी शेजारी बसून शरमेनं अर्धी झाले होते.

ती तैवानची. तिथल्या एका विद्यापीठात माध्यमं आणि सिनेमा शिकवायची, आणि सिनेमा बघणाऱ्या माणसांवर संशोधन करायला नागपुरात आली होती. प्रताप नगरात आमच्या वरच्या खोलीत राहायची. मी कॉलेजात मराठी शिकवते, त्यामुळे दुभाषी म्हणून तिच्याबरोबर हिंडणं माझ्याकडे आलं. पण मराठी ती शिकली माझ्या आईकडून, स्वयंपाकघरात. मी तिचं 'मले', 'तुले' सुधारायला गेले की म्हणायची, "तुझ्या मराठीत कोणी जेवाले बोलवत नाही वं."

थिएटरं सोडून ती लवकरच लोकांच्या घरांत शिरली. तिचं म्हणणं, माणसं सगळ्यात जास्त वेळा बघतात तो सिनेमा म्हणजे घरच्या लग्नाची शूटिंग. त्यासाठी उमरेडला वच्छलाबाईंकडे आम्ही इतक्या खेपा घातल्या की एसटीचा कंडक्टर ओळखायला लागला. वच्छलाबाई हातमागावर विणायच्या. एकुलता एक मुलगा अपघातात गेलेला. त्याच्या लग्नाच्या शूटिंगमध्ये तो पंगतीत आईला बळेच घास भरवतो. तेवढाच तुकडा त्या रोज लावायच्या, आणि घास आला की टीव्हीपुढे तोंड उघडायच्या. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी उठून बाहेर गेले. शूफेन बसून राहिली.

त्यावर तिनं लिहिलेलं प्रकरण म्हणजे तिच्या पुस्तकाचा जीव होता. पुस्तक ठरलेल्या मुदतीत निघालं नाही, तर विद्यापीठ तिला नोकरीवर ठेवणार नव्हतं. पण तिचा एक नेम होता. ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही. मी मराठी करून दिलं, ते घेऊन आम्ही उमरेडला गेलो आणि तिनं ते अडखळत वाचलं. वच्छलाबाईंनी माग थांबवून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "सगळं खरं लिहिलं वं पोरी. पण छापू नको. सून आता दुसऱ्या घरी नांदून राहिली. आन् तो घास माझ्या एकटीचा आहे."

"बरं," शूफेन म्हणाली. "बाकीचं पुस्तक झालं का तुमाले वाचून दाखवाले येईन." आणि तिनं कागद पिशवीत घातले.

परतीच्या एसटीत मी तिच्यावर बरसले. उमरेडला इंग्रजी पुस्तक कोण वाचणार आहे? नावं बदल, गाव बदल! ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नाव बदललं तरी घास तोच राहते ना." मला तिचा इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. त्या दोन दिवसांची आज मला लाज वाटते.

ते प्रकरण गेलं, पुस्तक अडलं, मुदत संपली आणि नोकरी गेली. तैवानला परतून ती दोन-तीन कॉलेजांत तासांवर शिकवू लागली. फोनवर कधी कुरकुर नाही. आईला मात्र न चुकता विचारायची, "काकू, आज भाजी कायची केली?" मग आजार कळला, तोही उशिरा. गेल्या हिवाळ्यात तिच्या बहिणीकडून ती गेल्याचा निरोप आला. आईनं विहारात जाऊन तिच्यासाठी वंदना केली. मला धड रडताही आलं नाही.

वच्छलाबाईंना सांगायला मी उमरेडला गेले. शूफेनची नोकरी त्या पुस्तकावर टांगलेली होती, हे त्यांना कधीच ठाऊक नव्हतं. मला पाहताच त्यांनी विचारलं, "पोरगी कशी आहे? पुस्तक झालं का वं तिचं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, झालं."

त्यांचा हात मागावरच थांबला. "झालं? मंग मले वाचून दाखवाले काहून नाही आली?"

मी खाली बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. फक्त नोकरीचं तेवढं सांगितलं नाही.