मधूभाऊंचा दुसरा भाग

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकती सुरू झाली होती. दहावीच्या वर्गावर भिंगांचा धडा चालू असताना शिपाई दाराशी आला आणि म्हणाला, "सर, धुळ्याहून फोन होता. तुमचे मधूभाऊ गेले." मी त्याला विचारलं, "कुठे गेले?" ... इतका साधा प्रश्न विचारला मी. मधूभाऊ सदा कुठे ना कुठे जायचेच, एस.टी. खात्यातला माणूस, मोफत पासाचा धनी. शिपायाने डोक्यावरची टोपी काढली, तेव्हा मला कळलं. बायकोला, शैलाला घेऊन जळगावहून मिळेल त्या गाडीने निघालो. धुळ्याच्या स्टँडवर उतरलो तर माइकवर कुणी दुसराच माणूस साक्री, नवापूर, सुरत ओरडत होता. तो आवाज ऐकला आणि शैला तिथल्या बाकावर मटकन बसली. तोवर ती एकदाही रडली नव्हती.

मधूभाऊ माझे साडू. शैलाच्या थोरल्या बहिणीचे, सुमनअक्कांचे यजमान. धुळे आगारात वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या त्या जाळीच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार ते सांगायचं, हे त्यांचं काम. आणि ते असं सांगायचे की ज्याला कुठेच जायचं नाही त्यालाही गाडीत बसावंसं वाटे. साडू म्हटलं की थोडी बरोबरी, थोडी चुरस आलीच. सासुरवाडीत कुणाचं पान आधी वाढलं, कुणाला टॉवेल आणि कुणाला नुसता टोपी-रुमाल, यावरून साडवांची तोंडं फुगलेली आपण पाहतो. आमची चुरस मात्र वेगळ्याच गोष्टीवरून होती. आम्ही दोघं एका इंग्रजी पिक्चरवरून जवळजवळ पंधरा वर्षं भांडलो, आणि त्यातली मौज अशी की तो पिक्चर आम्ही दोघांनीही अर्धा अर्धाच पाहिला होता.

त्याचं इंग्रजी नाव आमच्यापैकी कुणालाच धड उच्चारता येत नसे. पोस्टरवर आकाशात दोन चंद्र होते म्हणून सगळे त्याला 'दोन चंद्रांचा पिक्चर' म्हणत. पहिला भाग जळगावला लागला, तो मी दोनदा पाहिला. एक यान परग्रहावर जातं, तिथे अडकतं. यानातला सगळ्यात तरुण गडी बापाशी भांडून निघालेला असतो, आणि बाप इकडे पृथ्वीवर वायरलेसच्या खोलीत मुख्य अधिकारी. शेवटी बाकीच्यांना सुटता यावं म्हणून तो पोरगा बाहेर राहून दरवाजा बंद करतो. यान परत येतं, तो येत नाही. बाप यंत्राचं बटण बंद करतो, आणि पडदा काळा. मी थिएटरातून घरापर्यंत कुणाशी न बोलता चालत आलो होतो. धुळ्याला हा भाग आलाच नाही. तिथे दोनेक वर्षांनी थेट दुसरा भाग लागला, आठवडाभर चालला आणि उतरला. मधूभाऊंनी तो पाहिला. मला परीक्षेच्या कामातून सवड झाली नाही, आणि नंतर तर मी तत्त्व म्हणूनच तो पाहिला नाही. पहिला भाग पाहिल्यावर दुसरा पाहणं म्हणजे पोटभर जेवून उठल्यावर पुन्हा खरकट्या ताटात हात घालणं, असं माझं मत होतं. तेव्हा संवाद सगळे इंग्रजीत. आम्हाला जे कळे ते चेहऱ्यांवरून आणि स्फोटांवरून. त्यामुळे भांडायला भरपूर जागा होती.

भांडणाची जागाही ठरलेली होती. आमची सासुरवाडी पारोळ्याजवळच्या एका गावात, म्हणजे जळगाव आणि धुळ्याच्या बरोबर मध्ये. थंडी पडली आणि भरिताची वांगी तयार झाली की आबा, म्हणजे आमचे सासरे, दोन्ही जावयांना शेतात बोलवत. कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात हिरवी-पांढरी मोठाली वांगी भाजायची, सोलायची, आणि लाकडी बडगीत हिरव्या मिरचीसकट मुसळीने कुटायची. मग पातीचा कांदा, शेंगदाणे, वरून फोडणी, आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या. खानदेशात अशा भरीत पार्ट्या घरोघर होतात, त्यात नवल नाही. पण आबांनी एक रीत पाडली होती: वांगी भाजेपर्यंत दोन्ही जावयांनी वाद घालायचा, आबांनी निकाल द्यायचा, आणि हरलेल्या जावयाने भरीत कुटायचं. सासूबाईंना हे मुळीच रुचत नसे. "जवाईले कोनी कुटाले लावस का?" असं त्या दरवर्षी म्हणत, आणि दरवर्षी मीच कुटत असे.

वादात दोन तट पडत. चुलत मेहुण्यांपैकी जे जळगावला शिकलेले ते माझ्या बाजूचे, धुळ्याकडचे मधूभाऊंच्या. मी विज्ञानाचा मास्तर. माझे मुद्दे बिनतोड असत. अवकाशात हवा नाही, तर स्फोटाचा आवाज येतोच कसा? असल्या पिक्चरांत मेलेला राक्षस दुसऱ्या भागात जिवंत होतो ते कुठल्या शास्त्राने? मुळात दुसरा भाग गल्ल्यासाठी काढतात, गोष्टीसाठी नाही. मधूभाऊ हे सगळं वांगं उलटंपालटं करत शांतपणे ऐकून घेत. मग म्हणत, "मास्तर, तुमचा पहिला भाग चांगलाच आहे. पण पहिल्या भागात जे व्हायचं ते होऊन जातं. ते निस्तरायला दुसरा लागतोच ना!" आणि मग आपल्या त्या फलाटावरच्या आवाजात दुसरा भाग सांगायला लागत. जाळ पडायला आला तरी कुणी उठत नसे. मी वैतागून राख उकरत बसे, पण कान तिकडेच असत, हे कबूल केलं पाहिजे.

आता ज्या वर्षी ते पहिल्यांदा सांगितलं गेलं त्या वर्षाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्याच्याशीच येऊन थांबतं. आबांचा एकुलता मुलगा रमेश तेव्हा घरात नव्हता. त्याला शेती करायची नव्हती. बापलेकांची खळ्यात कडाक्याची भांडणं झाली, आबा म्हणाले, "आते आठे पाय ठेवू नको," आणि तो सुरतेला लूमवर निघून गेला. दोन वर्षं ना चिठ्ठी ना निरोप. घरात त्याचं नाव घ्यायची चोरी. अशात त्या थंडीत मी, आपल्याच नादात, आबांना पहिला भाग सांगितला. बाप बटण बंद करतो इथे येऊन मी थांबलो. आबा जाळाकडे बघत होते. त्यांनी जन्मात थिएटर पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, "मंग तो पोऱ्या घर उना का नही?" मी म्हटलं, "नाही येत आबा, पिक्चर तिथेच संपतो." माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं की मी कुणाला काय सांगतोय. शैलाने मला कोपर मारलं, पण बाण सुटला होता.

तेव्हा मधूभाऊ म्हणाले, "आबा, मास्तरांना अर्धंच माहीत. दुसरा भाग मी पाहिलाय धुळ्याला." आणि सांगायला लागले. बाप ते बंद केलेलं यंत्र पुन्हा चालू करतो. लोक म्हणतात साहेब, आता काय उपयोग. तरी रोज सकाळी येऊन बसतो आणि एकच निरोप पाठवतो, की मी इथे आहे. तिकडे दोन चंद्रांखाली पोरगा जिवंत असतो. त्याच्या जवळचं यंत्रही चालू असतं. पण आपण पहिलं बोलायचं नाही म्हणून तोही अडून बसलेला. एक दिवस त्या यंत्रातून बापाचा आवाज येतो...

आबांनी मध्येच विचारलं, "पहिले कोन बोलनं? बाप का पोऱ्या?"

"बाप," मधूभाऊ म्हणाले.

"आनि मंग उना?"

"आला की. दारात आल्यावर बाप एवढंच विचारतो, जेवलास का?"

आबा उठले, धोतराची राख झटकली आणि निकाल दिला, "मास्तर हारनात. द्या त्यासले मुसळी." मी कुटायला बसलो. मधूभाऊ समोर बसून सोललेली वांगी आणि मिरच्या बडगीत टाकत होते. पदर डोळ्यांना लावून सासूबाई धुराला शिव्या देत होत्या.

त्यानंतर आठवड्याभराने आबा एकटेच धुळ्याला गेले. स्टँडवरच्या जाळीशी उभे राहून मधूभाऊंना म्हणाले, "सुरतनी गाडी कव्हय निंघस?" खांद्यावर पोतं होतं, त्यात भरिताची वांगी. मधूभाऊंनी रमेशचा पत्ता आधीच काढून ठेवला होता. सुरतेच्या गाडीचे ड्रायव्हर-कंडक्टर त्यांच्याच हाताखालून जायचे. त्यांनी विचारलं, "आबा, निरोप काय सांगू?" आबा म्हणाले, "निरोप कसाले? वांगा धाडी द्या, समजी जाई तो." पोतं गेलं. रमेश संक्रांतीच्या आधी घरी आला. सुरतेत अशी वांगी मिळत नाहीत, एवढंच तो म्हणाला. आबांनी त्याला काय विचारलं असेल ते वेगळं सांगायला नको. सासूबाईंनी आम्हाला ते इतक्या वेळा सांगितलं की मला ते मी स्वतः ऐकल्यासारखं वाटतं.

पुढे केबल आली. इंग्रजी पिक्चर हिंदीत बोलू लागले. एका रविवारी दुपारी दोन चंद्रांच्या पिक्चरचा दुसरा भाग लागला आणि मी माझं तत्त्व बाजूला ठेवून बसलो. पाहतो तर काय! त्यात बाप नाहीच. वीस वर्षांनंतरची गोष्ट, नवेच लोक, हातात बंदुका, मोठमोठे किडे. त्या पोराचं नुसतं शिरस्त्राण एकदा वाळूत सापडतं, ते उचलून कुणीतरी बाजूला ठेवतं, झालं. इतका टाकाऊ पिक्चर मी क्वचित पाहिला असेल. म्हणजे मी इतकी वर्षं खरोखर जिंकलेलो होतो, आणि तरी भरीत मीच कुटत होतो! दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर धुळे गाठलं. मधूभाऊंनी मला पाहिलं, माझा चेहरा पाहिला आणि चहा मागवला. मी म्हटलं, "पोरगा येत नाही." ते म्हणाले, "नाही येत." मग चहा बशीत ओतत म्हणाले, "मास्तर, तिथे तुम्ही गोष्ट बटण बंद करून ठेवून दिली होती. आबांचं तोंड पाहिलं होतं का तुम्ही? मी काय करणार होतो? किडे सांगणार होतो?" मी हसलो. राग आलाच होता, पण त्यावर हसू आलं. निघताना ते म्हणाले, "आबांना कळू देऊ नका हं." मग माइककडे वळून त्यांनी माझ्याच गाडीचा फलाट मोठ्याने पुकारला, आणि शेवटी जोडलं, "जळगावचे मास्तर, घाई करा!"

तेव्हापासून आम्ही दोघं मिळून ते राखत होतो. दर थंडीत मी पूर्वीच्याच जोराने पहिल्या भागाची बाजू मांडायची, त्यांनी पूर्वीसारखाच दुसरा सांगायचा, आणि मी हरायचं. खोटं बोलतोय असं मला कधी वाटलं नाही. उलट शाळेत वर्षभर सगळं बरोबर सांगून जी मजा येत नसे ती त्या एका दिवशी हरण्यात येई.

यंदा बैठक होईल असं मला वाटलं नव्हतं. सुमनअक्कांचं दुःख ताजं होतं. पण आबांनीच निरोप धाडला, वांगी उतरलीत, या. अक्काही आल्या. रमेशने जाळ केला. आबा आता फार थकलेत, खाटेवरच बसून होते. वांगी भाजायला लागली. मग आबा म्हणाले, "मास्तर, सांगा." मी पहिला भाग सुरू केला. आबांनी हात वर केला. "तो नही. दुसरा."

मी अक्कांकडे बघितलं. मग म्हटलं, "आबा, मी तो पाहिलेला नाही..."

"मी देखेल शे," आबा म्हणाले. "मागला साल रमेशनी टीव्हीवर लायेल व्हता. तठे तो पोऱ्या येस नही. नुसता किडा शेतस." रमेश काड्या मोडता मोडता थांबला. आबा पुढे म्हणाले, "तुम्ही मधूरावना भाग सांगा."

म्हणजे गेल्या थंडीत, सगळं ठाऊक असताना, त्यांनी मधूभाऊंना मान डोलावून विचारलं होतं, "आनि मंग उना?" आणि मुसळी माझ्याकडे दिली होती. आम्ही दोघं त्यांच्यापासून लपवत होतो आणि ते आमच्यापासून! हे मधूभाऊंना कळलं असतं तर जाळीच्या खोलीतून सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असे हसले असते. मला फार वाईट वाटलं, की हे सांगायला ते नाहीत. आणि त्याच वेळी फार बरंही वाटत होतं.

मी सांगितला. त्यांच्यासारखा आवाज मला नाही, पण एकही गोष्ट गाळली नाही. बाप रोज सकाळी येऊन बसतो तेही, आणि जेवलास का तेही. सांगून झाल्यावर अक्का डोळे पुसून म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही फार भरभर सांगता हो. ते थांबून थांबून सांगायचे." आबांनी निकाल दिला नाही. समोर वाद घालायला कुणी नव्हतंच. मी आपणच बडगी ओढून घेतली. रमेश म्हणाला, "भाऊजी, यंदा मी कुटतो," पण मी मुसळी सोडली नाही.

कुटताना माझी एक सवय आहे. एक घाव घातला की मुसळी वर धरून क्षणभर थांबायचं, कारण तेवढ्यात मधूभाऊंचा हात वांगं टाकून बडगीतून बाहेर यायचा. त्या दिवशी सगळी वांगी रमेशने आधीच आत टाकून ठेवली होती, थांबायचं काही कारण नव्हतं. तरी प्रत्येक घावानंतर माझा हात वर थांबत राहिला... आबा खाटेवरून बघत होते. भरीत व्हायला यंदा उशीर झाला, पण कुणी घाई केली नाही.