रिकाम्या बोडीचे छायाचित्र

कचारगडची यात्रा आटोपल्यानंतरचा पहिला सोमवार: उपग्रहातून जमीन पाहण्याच्या शासकीय प्रात्यक्षिकासाठी आमचे गाव निवडल्याचे जाहीर झाले. जबाबदार: प्रकल्प समन्वयक.

होळीच्या आदल्या आठवड्यातला बुधवार: बोडी रिकामी करण्यात आली. जबाबदार: ग्रामपंचायत, समन्वयकांच्या तोंडी सूचनेवरून.

अक्षय तृतीयेनंतरचा गुरुवार: त्याच बोडीवर ‘कोरडी, उपलब्ध जमीन’ असा शेरा पडद्यावर दिसला. जबाबदार: समन्वयक, आणि शेजारी बसून मान डोलावणारे महसूल अधिकारी.

मी हयातभर तहसील कचेरीसमोर लोकांचे अर्ज लिहिले. घटना अशा मांडल्याशिवाय मला पुढचे सांगता येत नाही.

बोडी म्हणजे धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला पाळ घालून अडवलेले पावसाचे पाणी. आमची बोडी आमच्या पूर्वजांनी बांधली. मालगुजारी ही जुनी जमीनदारी संपली तेव्हा ती सरकारजमा झाली. पाण्याचा हक्क मात्र निस्तार पत्रकात, म्हणजे गावाच्या सामाईक हक्कांच्या सरकारी नोंदीत, गावाकडेच राहिला. तिच्याखाली माझ्या धाकट्या भावाची जमीन आहे. तो उशिरा पिकणारे भारी धान लावतो. दसऱ्याच्या सुमारास पाऊस थांबतो, आणि तेव्हा बोडीचे एक पाणी मिळाले नाही तर दाणा भरत नाही, नुसती तणस, धानाचा पेंढा, घरी येते.

समन्वयक तरुण होते, नम्र होते. समाजमंदिरातल्या पहिल्या सभेत ते म्हणाले, “तलाव वरून अगदी स्वच्छ दिसला पाहिजे.”

आमच्याकडे बोडी स्वच्छ करण्याची एकच रीत आहे. मोरी उघडून पाणी सोडायचे, मासे घरटी सारखे वाटून घ्यायचे, बेशरमची झुडपे कापायची आणि गाळ उपसून शेतात टाकायचा. मी म्हणालो, सूचना लेखी घ्या. सरपंचबाई हसल्या.

“मामाजी, तुम्हाले त देवापासूनबी सही-शिक्का पायजे. सायेब साफ करा म्हणून राहिला, त करू. फोटोत घाण कायले दाखवाची?”

भावानेच गुडघाभर चिखलात उतरून मोरी उघडली. त्या संध्याकाळी गावातल्या प्रत्येक घरी मासे शिजले. माझ्याही.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी पडद्यावर शेजारच्या गावांचे तलाव गडद निळे दिसत होते. आमच्या बोडीच्या जागी एक पिवळा डाग होता.

“आमची बोडी कुठी गेली जी?” भावाने विचारले.

समन्वयकांनी बटण दाबले. शेरा उमटला. तो वाचून सरपंचबाई म्हणाल्या, “सायेब, पावसायात त्या पिवळ्यावर उभे राहून पाहा. टोपी तेवढी दिसन.”

सभा हसली. महसूल अधिकारी हसले नाहीत.

“पावसाळ्यात ढगांमुळे चित्र मिळत नाही, काका,” समन्वयक मला म्हणाले.

“दिवाळीनंतर आकाश मोकळे असते आणि बोडीत पाणीही असते. ते चित्र दाखवा.”

त्यांनी अधिकाऱ्यांकडे पाहिले. अधिकारी म्हणाले, “हे केवळ प्रात्यक्षिक आहे. याला कायदेशीर मूल्य नाही.”

“मग ‘उपलब्ध’ कोणासाठी लिहिले?”

तेवढ्यात चहा आला. मी नकाशाची प्रत मागितली, तेव्हा कळले की अहवाल वर पाठवूनही झाला आहे. ज्या कागदाला मूल्य नाही तो गावाला दाखवण्याआधीच वरिष्ठांकडे पाठवण्याची घाई कोणाला होती, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

घरी येताना भाऊ म्हणाला, “दादा, मोरी त मीच उघडली. आता कोणाले बोलाचं?”

मी त्याला सांगितले की बोडीचा गाळ काढणे हे आमच्या हक्काचेच काम आहे. हक्क बजावल्याने तो संपत नाही. हे कायद्याने बरोबर आहे. तो मात्र वाट सोडून मोरी पाहायला वळला. जमिनीचे ज्ञान दाखवायला आलेल्या माणसाला स्वच्छ केलेली बोडी रिकामी असते हे ठाऊक नव्हते, की चांगले ठाऊक होते? माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून मी आरोप करत नाही. संशय मात्र मागे घेत नाही. त्या डागाच्या कडेने टेप घेऊन फिरणारी दोन अनोळखी माणसे मी स्वतः पाहिली आहेत. कोणाकडून आलात, असे विचारताच ती मोटारसायकलवर बसून जवळच्या गोरेगावच्या दिशेने निघून गेली.

म्हणून माझी मागणी आहे की समन्वयक आणि महसूल अधिकारी या दोघांनी येत्या ग्रामसभेत, सर्वांसमक्ष, उत्तर द्यावे. दिवाळीनंतरचे चित्र का वगळले? ‘उपलब्ध’ हा शब्द कोणाच्या सांगण्यावरून आला? तो अहवालातून केव्हा निघणार? उत्तर कार्यालयात बोलावून माझ्या कानात सांगू नये. ते माझ्या भावाकडे पाहून द्यावे. यंदा रोपांसाठी भारी धानाचे पऱ्हे टाकायचे की नाही, हे त्याला त्यावरूनच ठरवायचे आहे.