टाक्यातलं गढूळ पाणी

नोकरीत बरेच गुन्हे उघडकीस आणले. पण गडावरच्या त्या तोफेचा तपास अजून मनातून जात नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीत उघड्याबोडक्या डोंगरावर एक जुना किल्ला होता. ऐन उन्हाळ्यात भल्या सकाळी किल्ला पाहायला आलेल्या एका शिक्षकाने तक्रार दिली: बुरुजावरची लहान पंचधातूची तोफ जागेवर नाही.

दरवाजाची किल्ली गडाच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याकडे. संशय त्याच्यावरच गेला, माझाही. तीन दिवस त्याला सकाळी ठाण्यात बसवायचं, संध्याकाळी सोडायचं. उलटसुलट विचारूनही जबाब एकच.

“साहेब, म्या रोज तिच्यावरची धूळ पुसायचो. इकायची असती तर पुसली असती का?”

असली उत्तरं आम्ही रोज ऐकतो. मी लिहून घेतलं, विश्वास ठेवला नाही.

तिसऱ्या दिवशी दारात एक शेळ्या राखणारी बाई हवालदाराशी वाद घालत होती. पाण्याची तक्रार ग्रामपंचायतीत करा, असं तो तिला सांगत होता. मी तिला आत बोलावलं.

“गडावरच्या टाक्याचं पाणी गढूळ झालंय, साहेब. शेरडं तोंड लावंनात. पाऊस न्हाय, काय न्हाय, मग गाळ कसा उठला? कडंचा दगड बी फुटलाय, ताजा.”

मी लगेच जीप काढायला सांगितली. पायथ्यापासून तासभराची खडी चढण, भर दुपारचं ऊन. दोन शिपाई मध्येच बसले, मी थांबलो नाही. खडकात कोरलेल्या त्या टाक्याच्या कडेला खरोखरच ताजी खोक होती. गावातली पोहणारी माणसं उतरवली. दोर बांधून, दहा जणांनी ओढून वर काढली ती तोफ. तिला लोखंडी साखळीचा तुटका तुकडा गुंडाळलेला होता.

गडावर तटाच्या दुरुस्तीचं काम सुरू होतं. दगड उचलायची साखळी-कप्पी होती फक्त तिथल्या मुकादमाकडे. तोफ गेली त्या रात्री आपण कळंबला होतो, असं त्याने आधीच लिहून दिलं होतं. मी कप्पी जप्त केली, त्याला ठाण्यात बोलावलं आणि कप्पीच्या साखळीचं टोक तोफेवरच्या तुकड्याशी टेबलावर जुळवून ठेवलं. एक शब्दही विचारला नाही. त्याने त्या जोडावरून बोट फिरवलं.

“टाक्यात उतरवताना साखळी तुटली, साहेब,” तो म्हणाला. “बोभाटा शमला की काढणार होतो.” किल्लीही दुरुस्तीच्या नावाखाली त्याने पहारेकऱ्याकडून मागून घेतली होती; कामाला ती रोजच लागायची, म्हणून म्हाताऱ्याला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

पंचनामा झाला, आरोपपत्र गेलं. मग मी वर्दीत गड चढून पहारेकऱ्याकडे गेलो आणि माझी चूक झाली म्हणालो.

“तोफ घावली, लई चांगलं झालं,” तो म्हणाला. “पण लेकीला बघाया भूमचे पाव्हणे आलते, तवा तुमी मला ठाण्यात बसिवलं हुतं. ते तसंच माघारी गेले.”

दुसऱ्या दिवशी मी भूमला त्या पाहुण्यांच्या दारात गेलो. सगळं खरं सांगितलं. त्यांनी चहा दिला, ऐकून घेतलं. सोयरीक मात्र जुळली नाही.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत, हातात पुरावा नसताना मी कुणालाही ठाण्याच्या बाकावर बसवलं नाही. विचारायचं असेल तर साध्या कपड्यांत त्याच्या घरी, त्याच्या बांधावर गेलो. चोरीचा माल आम्ही परत मिळवून देतो. माणसाची गेलेली पत परत आणायचं कलम मला कुठल्याच कायद्यात सापडलं नाही.