कथेची सोयरीक

कोणाची लेक कोणाच्या घरी सुखानं नांदेल, हे माझ्या वहिनीच्या मामांइतकं अख्ख्या वऱ्हाडात कोणाला कळलं नसेल. आणि बोलपटाची कथा कशी विकावी हेही, जन्मात एक बोलपट न पाहता, त्यांनाच कळलं.

मी चांदूर बाजारकडच्या शेतकरी घरातला. घरात कोट एकच. तो अमरावतीच्या कॉलेजात माझ्या अंगावर असे, म्हणून दादाला चार वर्षं कोणाच्या लग्नालाही नीट जाता आलं नाही. त्यानं शाळा सोडली तेव्हा कुठं मी घराण्यातला पहिला बी.ए. झालो, हे मी आजही छाती काढून सांगतो. झालो, आणि नोकरी धरायची सोडून बोलपट लिहीत बसलो! दादा एवढंच म्हणाला, "मृगापर्यंत लिही. मंग मास्तरकी धर, नाई तं वखर." अडीचशे पानांच्या बाडाच्या चार प्रती मी हातानं उतरवल्या आणि तीन कंपन्यांना तीन पोस्टानं रवाना केल्या. ना उत्तर आलं, ना बाडं. एकच प्रत उरली.

वहिनीचे हे मामाजी अकोल्याचे. शेती भावांच्या अंगावर टाकून हा माणूस गावोगाव सोयरिका जुळवत हिंडे. पागोट्याच्या घड्यांत लग्नाच्या मुलामुलींच्या चिठ्ठ्या खोचलेल्या. जोराची शिंक आली की दोन-तीन स्थळं जमिनीवर पडत. कोणाच्याही दारी गेले की माणसांना रामराम घालायच्या आधी गोठ्यात शिरत आणि बैलांच्या मानेवरून हात फिरवत. परतवाड्याचं एक बडं स्थळ त्यांनी भर पंगतीत मोडलं, कारण बैलाच्या मानेला जखम होती. "जो बैलाले जपत नाई, तो सुनेले काय जपन?" असं म्हणून उठले, मात्र ताटातली पुरणपोळी संपवून.

माझी हकीकत ऐकून ते भयंकर भडकले. "उपवर पोरगी कोनी पोस्टानं पाठवते काय रे, बी.ए. साहेब? तेही कोनी मांगितली नसताना?" मग जरा निवले. "काय आहे तुह्या पोरीत? एका दमात सांग." मी तासभर सांगितलं. ते घोरायला लागले. उठल्यावर त्यांनी एक पोस्टकार्ड माझ्यापुढं टाकलं. "यावर मावन तेवढंच लिही. पोरगी कोनाची, अडचन काय. पुढं काय झालं ते त्यायनंच इचारलं पायजे." त्या एका कार्डापायी पंधरा दिवस गेले, अडीचशे पानांनी इतका घाम काढला नव्हता.

पाच कंपन्यांना पाच कार्डं गेली. एकाचं उत्तर आलं. मुंबईचे एक दिग्दर्शक नागपूरला जाताना अकोल्याला उतरणार होते. त्यांना आणायला मामाजी एकटेच स्टेशनवर गेले, आणि साहेबांना टांग्यात बसवून स्वतः त्यांच्यासोबत आलेल्या म्हाताऱ्या आचाऱ्याशी गप्पा हाणत पायी आले. माझ्या कानाशी म्हणाले, "आचारी बारा वर्सं टिकला आहे. घर चांगलं आहे."

मामाजींच्या ओसरीवर वाचन सुरू झालं. नायिका विहिरीच्या काठावर उभी राहते, तिथं मामाजींनी माझ्या हातातलं बाड सरळ मिटून टाकलं. "बाकी यादी झाल्यावर!" यादी म्हणजे लग्नाच्या अटी. दिग्दर्शक खूप हसले आणि तिथंच रक्कम बोलले. रक्कम चांगली होती. अट एवढीच की कथेवर नाव त्यांचं लागेल. मृग आठ दिवसांवर आला होता. मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं, तोच मामाजींनी माझा गुडघा दाबला.

"साहेब, पोरगी तुमची. तिले नवं लुगडं नेसवा, नाव बदला, नाचवा. पन माहेर नोका पुसू. याच्या बापाले सही येत नाई. त्याचं आडनाव कुठी तरी लिवलेलं दिसू द्या."

मग दिग्दर्शकांनी पेन काढलं आणि यादीत तेवढी ओळ लिहिली.

दीड वर्षानं तो बोलपट अकोल्याला लागला. मामाजी थिएटरपर्यंत आले, आत आले नाहीत. दिल्या घरी लगेच जाऊन बसू नये, हा त्यांचा नेम. दारावरच्या माणसाला त्यांनी एवढंच विचारलं, "लोकं मधातून उठून नाई ना जात?" तो नाही म्हणाला, तशी त्यांनी घराची वाट धरली. पुढच्या हिवाळ्यात मामाजी गेले. त्यांचे आभार मानायचे राहूनच गेले. तोंडावर मानले असते तर शिव्याच खाल्ल्या असत्या.

बोलपट लागला त्या दिवशी पडद्यावर माझं नाव, माझ्या बापाचं नाव आणि आमचं आडनाव आलं. बाबा शेजारी बसले होते. मी त्यांना ते वाचून दाखवलं.