लाइट गेली की मी खूश

लाइट गेली की आमच्या बुऱ्हाणपूरच्या लालबागेत लोक बिजलीवाल्यांना शिव्या घालतात. मी एकटाच असा, की देवापुढे साखर ठेवायचो.

कारण सांगतो. आमच्या भिंतीला भिंत लावून पावरलूमचा कारखाना. लाइट आहे तोवर खटाखट, खटाखट! घरात बोलायचं म्हणजे ओरडायचं. (लग्नानंतर बायकोला, म्हणजे सुनंदाला, वाटायचं की मी कायम चिडलेलाच असतो. पुढे तिची खात्री पटली.) लाइट गेली की लूम बंद, आणि मग काय ती शांतता!

आणि मला शांतताच हवी होती, कारण मी खापरपणतवंडांसाठी भाषण रेकॉर्ड करणार होतो! मुलगा इंदूरला. त्याची लेक पिहू हिंदीत बोलते, हिंदीत भांडते, झोपेत बरळते तेही हिंदीत. जन्मभर मराठी शिकवलेल्या मास्तराच्या घरात मराठी आपल्यापाशीच संपणार, हे फार सलायचं मला. म्हटलं, आमचं आजचं जगणं, आमच्या भाषेत, निदान फोनमध्ये तरी उरू दे.

पिहूने सुटीत शिकवून ठेवलं होतं, "आजोबा, लाल बटन दबाओ तो चालू, फिर दबाओ तो रुकेगा." उन्हाळ्यातला एक रविवार धरला. सकाळी बटण दाबून "हॅलो हॅलो" करून पाहिलं आणि फोन टेबलावर ठेवून लाइट जायची वाट बघत बसलो.

गेली! मी बटण दाबलं, घसा खाकरला. "भावी पिढ्यांनो! आमचा काळ हा संक्रमणाचा..."

"कोनाशी बोलू ऱ्हायला रे बापू?" आई आतून आली. "घरात तर कोनी नाई."

"तुझ्या पणतीच्या नातवंडांशी!"

"ओ माय! मंग मलेबी बोलू दे ना पोरायसंग."

"आधी माझी प्रस्तावना होऊ दे, आई!"

तेवढ्यात लाइट आली. खटाखट! मी बटण दाबलं आणि कपाळाला हात लावला.

दिवसभर हेच. लाइट गेली की बटण आणि "आजच्या समाजातील ताणतणाव...", लाइट आली की पुन्हा बटण, आणि घरात नेहमीचा आरडाओरडा. आई दर वेळी पदर सारखा करून शेजारी येऊन बसायची. दर वेळी माझी प्रस्तावना बाकी असायची. संध्याकाळी तिने विचारलं, "माहा नंबर कव्हा?"

"उद्या. उद्या पहिली तू!"

उद्या लाइट गेली नाही. परवाही नाही. (बुऱ्हाणपुरात! भर उन्हाळ्यात!) मग आईला ताप भरला, दवाखाना झाला, आणि आई गेली.

तेराव्याला सगळे जमले. मला एकच गोष्ट खात होती. सगळा जमाना जपून ठेवायला निघालो आणि आईचा आवाज तेवढा राहून गेला. मुलगा म्हणाला, "बाबा, ते भाषण लावा ना. आजी मागे कुठे तरी ऐकू येईल."

लावलं. "हॅलो हॅलो." आणि मग एकदम खटाखट, खटाखट! सकाळचं बटण मी बंदच केलं नव्हतं! म्हणजे लाइट गेली की मी रेकॉर्डिंग थांबवत होतो आणि आली की चालू करत होतो. प्रस्तावनेसकट सगळं भाषण पाण्यात. उरल्या होत्या लूम, आणि त्यांच्यावर चढवलेला आईचा खणखणीत आवाज.

"सुनंदाऽ, कैऱ्या आत घे, माकडं आले!"

"पिहूचा फोन आला का वं?"

"ओ बापू, चहा पी ना रे, थंडा होऊ ऱ्हायला!"

आणि मधेच, "माही बोली पिहूले समजत नाई वं. मी गेल्यावर तिच्यासंग कोन बोलन?"

"हे आहेत ना!" सुनंदा ओरडली.

"तो? तो भाषन देतो. बोलतो कुठं!"

सगळे खो खो हसले. मीही हसलो, आणि मग मला रडू आवरेना. पिहू माझ्या मांडीवर येऊन बसली आणि म्हणाली, "फिर से लगाओ ना."

पिहूने ते सगळं इंदूरला नेलं. आता रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. मी "हॅलो" म्हणायच्या आत ती ओरडते, "ओ बापू, चहा पी ना रे, थंडा होऊ ऱ्हायला!" तिथे लूम नाहीत, तरी तेवढ्याच जोरात. मास्तर असूनही मला त्यात एकही चूक काढता येत नाही.

तेव्हा खापरपणतवंडांनो, आमच्या काळाविषयी तुमच्यापर्यंत एवढंच पोचणार आहे: बापू नावाचा एक माणूस होता, आणि त्याच्या आईने हाका मारमारूनही त्याने चहा कधी गरम असताना प्यायला नाही!